मागे कोण बसलंय? पिट्सबर्गच्या ‘फ्रीडम हाउस’ रुग्णवाहिका सेवेचं प्रकरण

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात कुणाच्या छातीत कळ आली, की घरचे लोक पोलिसांना फोन करत. येणारी गाडीही पोलिसांचीच असे, एरवी आरोपींना कोठडीत नेणारी. दोन शिपाई उतरत, माणसाला कॅनव्हासच्या स्ट्रेचरवर घेत, मागे ठेवत, दार लावत आणि दोघंही पुढे जाऊन बसत. मागे आजारी माणूस एकटा. वाटेत जीभ मागे पडून त्याचा श्वास अडला तर ते पाहायला कुणी नाही. पाहिलं असतं तरी काय करायचं, हे त्या दोघांना कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांचं काम होतं लवकर पोहोचवणं, आणि ते तेवढंच करत.

इतर अनेक गावांत याहून विचित्र प्रकार होता. माणसाला आडवं झोपवून नेता येईल अशी लांब गाडी अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्यांकडे असे, म्हणून रुग्णवाहिकाही तेच चालवत. देशातल्या जवळपास निम्म्या रुग्णवाहिका सेवा या मंडळींच्या हातात होत्या. आपल्याकडे दारात शववाहिका उभी राहिली तर अंथरुणाला खिळलेला माणूसही उठून चालायला लागेल. तिथे मात्र ते रोजचं होतं.

१९६६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने या सगळ्यावर एक अहवाल काढला. आदल्या वर्षात देशात १,०७,००० माणसं अपघाती दुखापतींनी मेली होती. रणांगणावर जखमी झालेल्या सैनिकाला मिळणारी मदत शहरातल्या रस्त्यावर पडलेल्या नागरिकाला मिळत नाही, असा त्या अहवालाचा सूर होता. अहवाल गाजला, पण त्यात सुचवलेलं प्रत्यक्षात करून पाहणारं कुणीतरी हवं होतं. पिट्सबर्गमध्ये ते करून पाहिलं एका काळ्या वस्तीने, आणि ज्यांना सरकारी कागदपत्रांत ‘नोकरीस अपात्र’ म्हटलं जाई अशा माणसांनी. ‘फ्रीडम हाउस’ ही त्यांची रुग्णवाहिका सेवा १९६७ मध्ये जन्मली आणि १९७५ मध्ये बंद पडली. आज जगभर पॅरामेडिक, म्हणजे रुग्णवाहिकेतून जाऊन जागेवर उपचार करणारा, डॉक्टर नसलेला प्रशिक्षित माणूस, ज्या पद्धतीने काम करतो, तिचा बराच भाग या आठ वर्षांत घडला. ज्यांनी तो घडवला त्यांचं पुढे काय झालं, हा या प्रकरणाचा दुसरा भाग आहे, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

वस्ती

हिल डिस्ट्रिक्ट हा पिट्सबर्गच्या मध्यवर्ती व्यापारी भागाला लागून असलेला टेकडीवरचा भाग. वायली अ‍ॅव्हेन्यूवरचे जॅझचे अड्डे आणि काळ्या अमेरिकनांची दुकानं यांमुळे एकेकाळी गजबजलेला. १९५० च्या दशकात शहराने ‘पुनर्विकासा’साठी या टेकडीचा खालचा भाग पाडला. सुमारे ८,००० माणसं हलवली गेली, ४०० हून अधिक व्यवसाय उठले आणि त्या जागी एक भलंमोठं बंदिस्त क्रीडागृह उभं राहिलं. पुनर्विकास या शब्दाचा अर्थ मुंबई-पुण्याच्या वाचकाला वेगळा सांगायला नको.

उरलेल्या वस्तीत बेकारी होती आणि पोलिसांबद्दल मनात खोल अविश्वास होता. अशा ठिकाणी रुग्णवाहिका मागवायची म्हणजे पोलिसांना घरी बोलवायचं. ते उशिरा येत, कधी येतच नसत. आले तर आजारी माणूस खरंच आजारी आहे की दारू प्यायलाय, यावर आधी दारातच चौकशी. पुष्कळ लोक फोनच करत नसत. शेजाऱ्याची गाडी शोधत, नाहीतर वाट पाहत बसत.

तीन माणसं, तीन वाटा

फिल हॅलन हे मॉरिस फॉक मेडिकल फंड या देणगी संस्थेचे प्रमुख. तरुणपणी त्यांनी स्वतः रुग्णवाहिका चालवली होती. हिल डिस्ट्रिक्टमधल्या लोकांना रुग्णालयापर्यंत पोहोचताच येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. जेम्स मॅकॉय हे वस्तीतलेच कार्यकर्ते. ‘फ्रीडम हाउस एंटरप्रायझेस’ ही त्यांची संस्था काळ्या तरुणांना कामधंद्याला लावण्यासाठी धडपडत होती. दोघांच्या बोलण्यातून निघालेली कल्पना साधी होती: वस्तीतल्या बेकार माणसांना चालक म्हणून घ्यायचं आणि लोकांना दवाखान्यात नेण्या-आणण्याची सोय करायची. म्हणजे वाहतूक. कल्पना तिथेच थांबली असती तर मी आज हे लिहीत नसतो.

ती पुढे नेली तिसऱ्या माणसाने. डॉ. पीटर साफार हे भूलतज्ज्ञ, मूळचे व्हिएन्नाचे. आजी ज्यू असल्यामुळे नाझींच्या काळात जीव मुठीत धरून शिकलेले. १९५० च्या दशकात बाल्टिमोरमध्ये त्यांनी जे प्रयोग केले ते आज कुठली नैतिकता समिती मंजूर करणार नाही. डॉक्टर, विद्यार्थी, परिचारिका अशा स्वयंसेवकांना भूल देऊन, स्नायू पूर्ण शिथिल करणारं औषध टोचून त्यांचा श्वास थांबवायचा आणि दुसऱ्याने तोंडाने हवा भरून त्यांना जगवायचं. डोकं मागे कलंडवून हनुवटी वर उचलली की घशातली वाट मोकळी होते आणि साध्या, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसालाही हे करता येतं, हे त्यातून सिद्ध झालं. आधी श्वासाची वाट, मग श्वास, मग रक्ताभिसरण, हा पुढे अनेक दशकं प्रथमोपचाराच्या वर्गांत शिकवला गेलेला क्रम रुजवण्यात साफार यांचा मोठा हात आहे. सरावाचा तो प्रसिद्ध रबरी पुतळाही त्यांच्याच प्रोत्साहनाने नॉर्वेतल्या एका खेळणी बनवणाऱ्याने तयार केला.

१९६६ हे साल, तोवर पिट्सबर्गला आलेल्या साफार यांना फार जड गेलं. त्यांची लहान मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर आणि पिट्सबर्गचे माजी महापौर डेव्हिड लॉरेन्स एका प्रचारसभेत व्यासपीठावर कोसळले. सभेत हजर असलेल्या एका परिचारिकेने त्यांना तिथल्या तिथे श्वास देऊन सावरलं. मग पोलिसांची गाडी आली. रुग्णालयात साफार यांच्यासमोर ते पोहोचले तोवर मेंदूचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. काही दिवसांनी ते वारले. शहरातल्या सर्वांत वजनदार माणसालाही वाटेतली ती काही मिनिटं पार करता आली नव्हती.

म्हणून हॅलन आणि मॅकॉय गाड्यांची योजना घेऊन आले तेव्हा साफार यांनी ती उलटी केली. चालक नकोत, मागे बसून उपचार करणारी माणसं हवीत. आणि ती डॉक्टर असायची गरज नाही. त्यांना शिकवू.

तीनशे तास

पहिल्या तुकडीत सुमारे पंचवीस जण होते. काही व्हिएतनाममधून परतलेले, काहींचं शालेय शिक्षण अर्धवट, काहींच्या नावावर पोलिसांत नोंद. अभ्यासक्रम ३२ आठवड्यांचा, ३०० तासांचा. शरीररचना, शरीराचं कार्य, कृत्रिम श्वास, हृदयाचं मालिश, रक्तस्राव थांबवणं, मोडलेलं हाड बांधणं, बाळंतपण, सुरक्षित वाहन चालवणं. वर्गात शिकवून झालं की प्रत्यक्ष रुग्णालयात काम. पोलिसाला तेव्हा जेमतेम प्राथमिक प्रथमोपचार येत असे हे लक्षात घेतलं, तर अंतर किती होतं ते कळेल.

गाडीची आतली रचनाही साफार यांनी बदलली. आत उभं राहता येईल अशी व्हॅन, आणि रुग्णाच्या डोक्याच्या बाजूला बसायची जागा. ही जागा किरकोळ वाटते, पण श्वासाची वाट डोक्याकडूनच सांभाळता येते. बाजूला बसलेला माणूस रुग्णाचा हात धरू शकतो, त्याच्या घशात नळी घालू शकत नाही.

पैसा आला तो फॉक फंडाकडून, केंद्र सरकारच्या गरिबीविरोधी योजनांतून, आणि शहराशी केलेल्या करारातून. या तिसऱ्या वाटेकडे लक्ष असू द्या.

इथे एका शब्दाचा खुलासा करायला हवा. फ्रीडम हाउसला वस्तीची स्वयंसेवी सेवा म्हटलं जातं ते ती वस्तीच्या पुढाकारातून, ना-नफा तत्त्वावर उभी राहिली म्हणून. गाडीवरची माणसं बिनपगारी नव्हती. पगार तुटपुंजा होता, पण होता. आणि तो असणं हाच तर अर्धा हेतू होता. ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत आहे त्याला फुकट सेवा करायला सांगणं ही चैन झाली.

रस्त्यावर

एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि हिल डिस्ट्रिक्ट पेटलं. त्याच वर्षी या गाड्या नियमित धावू लागल्या. पहिल्या वर्षी त्यांनी सुमारे ५,८०० कॉल घेतले आणि ४,६०० हून अधिक रुग्ण नेले. त्यात दोनशे जीव वाचले, असा साफार यांच्या नोंदींचा हिशेब होता.

फोन मात्र अजून पोलिसांकडेच जात असे. आणीबाणीचा एकच क्रमांक अमेरिकेत नुकता कुठे सुरू होत होता. पहिला ९११ कॉल फेब्रुवारी १९६८ मध्ये अलाबामातल्या एका छोट्या गावातून गेला. पिट्सबर्गमध्ये कॉल कुणाला द्यायचा ते पोलिसांचा ऑपरेटर ठरवी. मग फ्रीडम हाउसची पोरं पोलिसांचा रेडिओ ऐकत आणि आधी पोहोचायचा प्रयत्न करत. हळूहळू वस्तीतली माणसं फोनवरच बजावू लागली, की पोलीस नकोत, फ्रीडम हाउसची गाडी पाठवा. पुढे शहराच्या इतर भागांतूनही, गोऱ्या वस्त्यांतूनही, हीच मागणी येऊ लागली.

याचा अर्थ सगळीकडे पायघड्या होत्या असा नाही. अंगाला हात लावू नका म्हणणारे गोरे रुग्ण भेटत. रुग्णालयात त्यांना आधी वॉर्डबॉय समजलं जाई. जॉन मून नावाचा तरुण त्या वेळी एका रुग्णालयात खराखुरा वॉर्डबॉय होता. एके दिवशी फ्रीडम हाउसचे दोघं रुग्ण घेऊन आत आले. काय झालं, काय केलं, आता काय हवंय हे ते तिथल्या लोकांना सांगत होते आणि लोक ऐकत होते. काळ्या माणसाचं रुग्णालयात कुणी असं ऐकून घेतं हे मून यांनी तोवर पाहिलेलं नव्हतं. आपल्यालाही हेच करायचं, असं त्यांनी तिथेच ठरवलं आणि पुढे करूनही दाखवलं. हा माणूस या प्रकरणात शेवटपर्यंत आहे.

१९७२ मध्ये या सेवेच्या कामाचा एक अभ्यास झाला. दोन महिन्यांत नेलेल्या १,४०० रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. गंभीर रुग्णाला योग्य उपचार मिळण्याचं प्रमाण फ्रीडम हाउसच्या गाडीत ८९ टक्के निघालं. पोलिसांच्या गाडीत ३८ टक्के. आणि स्वयंसेवकांच्या रुग्णवाहिकांत १३ टक्के.

शेवटचा आकडा पुन्हा वाचा. ज्यांनी वेळात वेळ काढून, पदरमोड करून सेवा दिली त्यांचं काम पोलिसांपेक्षाही खाली होतं. मला यात त्यांच्या हेतूवर शंका दिसत नाही. हेतूने श्वासनलिका मोकळी होत नाही, इतकंच दिसतं. आपल्याकडे मंडळाच्या, पतसंस्थेच्या, आमदार निधीच्या रुग्णवाहिका गावोगाव उभ्या असतात. लोकार्पण सोहळा होतो, नारळ फुटतो, गाडीवर देणगीदाराचं नाव लांबून वाचता येईल अशा अक्षरांत असतं. चालक असतो. मागे कोण बसणार, हा प्रश्न त्या सोहळ्यात कुणी विचारत नाही. २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ ची सेवा सुरू झाली तेव्हा तिच्यातला खरा बदल गाडीत डॉक्टर असण्याचा होता, गाडीच्या रंगाचा नव्हता.

नॅन्सी कॅरोलाइन

१९७४ मध्ये साफार यांच्या हाताखाली अतिदक्षता शास्त्र शिकायला डॉ. नॅन्सी कॅरोलाइन ही तिशीतली डॉक्टर आली. साफार यांनी तिला फ्रीडम हाउसचं वैद्यकीय संचालकपद दिलं. पुस्तकी, हुशार, गोरी बाई. गाडीवरच्या माणसांनी तिला सुरुवातीला फारसं मनावर घेतलं नसणार. तिने कार्यालयात बसून अहवाल मागवले नाहीत. ती गाडीवर जाऊ लागली, रेडिओ उशाशी ठेवू लागली, कितीदा तरी स्टेशनातच झोपली. प्रत्येक फेरीनंतर काय चुकलं यावर चर्चा. नळी घालणं, शिरेत औषध देणं, हृदयाचा आलेख वाचणं, पुन्हा पुन्हा सराव. तोवर जी कामं फक्त डॉक्टरांची मानली जात ती फुटपाथवर, जिन्याखाली, भिंत आणि पलंगाच्या सांदीत करायला ही माणसं शिकली.

त्याच सुमारास केंद्राच्या वाहतूक खात्याला पॅरामेडिकसाठी देशभर चालेल असा एक प्रमाण अभ्यासक्रम हवा होता. ते काम पिट्सबर्ग विद्यापीठाकडे, म्हणजे कॅरोलाइन यांच्याकडे आलं. त्यांच्यासमोर प्रयोगशाळा तयारच होती. काय शिकवलं की रस्त्यावर उपयोगी पडतं, काय नुसतं वर्गात शोभतं, हे त्यांनी फ्रीडम हाउसच्या फेऱ्यांवर तपासलं. अभ्यासक्रम देशाने स्वीकारला. १९७९ मध्ये आलेलं त्यांचं पाठ्यपुस्तक आजही त्यांच्याच नावाने नव्या आवृत्त्यांत निघतं.

‘पहिली’ कोण यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. बेलफास्टमध्ये डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी हृदयविकारासाठी फिरती गाडी १९६६ मध्येच सुरू केली होती, पण तिच्यात डॉक्टर असत. मायामी, सिअ‍ॅटल, लॉस एंजेलिस इथे अग्निशमन दलाच्या जवानांना घेऊन असेच प्रयोग याच काळात चालू होते. टीव्हीवर गाजलेल्या मालिकेमुळे लोकांच्या डोळ्यांसमोर आला तो लॉस एंजेलिसचा गोरा फायरमन. पिट्सबर्गचं वेगळेपण असं, की इथे कुठल्याही खात्याची वर्दी नव्हती. ज्याच्या हाती काहीच नव्हतं अशा माणसाला शिकवून उभं केलं होतं.

महापौर

१९७० मध्ये पीट फ्लॅहर्टी महापौर झाले. पक्षातल्या जुन्या टोळीविरुद्ध लढून आलेले, काटकसरीचे, देणगी संस्था आणि रुग्णालयांनी आधीच्या राज्यकर्त्यांशी केलेल्या बोलण्यांना न बांधलेले. त्यांच्या कारकिर्दीत शहराकडून येणारे पैसे घटले आणि जे ठरले होते तेही उशिरा मिळू लागले. शहराच्या मध्यवर्ती भागात सायरन वाजवू नये असं बंधनही आलं. सायरन नसलेली रुग्णवाहिका गर्दीत अडकते, उशिरा पोहोचते, आणि मग ती उशिरा पोहोचते अशी तक्रार करता येते.

दुसरीकडे गोऱ्या वस्त्यांचा सवाल वाढत होता: हिल डिस्ट्रिक्टला चांगली गाडी आणि आम्हाला पोलिसांची का? प्रश्न रास्त होता. सरळ उत्तर होतं, फ्रीडम हाउस शहरभर न्या. महापौरांनी दुसरं उत्तर निवडलं: शहराची स्वतःची सेवा. १५ ऑक्टोबर १९७५ रोजी फ्रीडम हाउस बंद झालं आणि शहराच्या नव्या खात्याने काम हाती घेतलं.

महापौरांची बाजू निव्वळ खोटी नव्हती, असं मला वाटतं. देणग्यांवर आणि दरवर्षीच्या करारावर शहराचा जीव टांगून ठेवता येत नाही. सार्वजनिक सेवा सार्वजनिक खात्यात असावी हा युक्तिवाद मला पटतो. पण खातं उभं करताना अनुभवी माणसं आधी घ्यायची की गाळायची, हा वेगळा निर्णय होता, आणि तिथे काटकसरीचं कारण लागू पडत नाही.

कॅरोलाइन यांनी आपल्या माणसांना नव्या सेवेत सामावून घ्यावं, त्यांच्या तुकड्या फोडू नयेत यासाठी जोर लावला. कागदावर बरंच मान्य झालं. प्रत्यक्षात नव्या परीक्षा आल्या. जुन्या पोलीस नोंदी उकरल्या गेल्या. तुकड्या फोडून अनुभवी काळ्या माणसाला नवख्या गोऱ्या सहकाऱ्याच्या हाताखाली दिलं गेलं, आणि उपचार सोडून गाडी हाकण्याचं, ओझी उचलण्याचं काम त्याच्या वाट्याला आलं. थोड्याच काळात त्यांच्यातले निम्म्याच्या आसपास उरले. कॅरोलाइनही पिट्सबर्ग सोडून इस्राएलला गेल्या आणि तिथल्या रुग्णवाहिका सेवेच्या वैद्यकीय संचालक झाल्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पिट्सबर्गच्या रुग्णवाहिका खात्यात ९८ टक्के कर्मचारी गोरे होते.

गाठ कुठे बसली

वंशभेद होता, हे खरं. तेवढंच सांगून मात्र प्रकरण मिटवता येत नाही. कारण हीच संस्था त्याच शहरात, त्याच वातावरणात, सात वर्षं वाढत होती. ती इतक्या झटक्यात का मोडली याची कारणं मला तीन ठिकाणी दिसतात.

एक, फोन कधीच त्यांच्या हातात आला नाही. कॉल वाटणारा तो सेवेचा खरा मालक. गाडी तुमची, शिक्षण तुमचं, पण कुठे जायचं हे दुसरा ठरवणार असेल तर तो तुम्हाला कुठेच न पाठवून उपाशी मारू शकतो.

दुसरं पैशाचं. रुग्ण गरीब, त्यामुळे बिलातून भागणं अशक्य. केंद्राच्या गरिबीविरोधी योजना निक्सन यांच्या काळात एकेक करून गुंडाळल्या जात होत्या. उरला शहराचा करार. सुरुवातीला तीन पायांवर उभं असलेलं स्टूल एका पायावर आलं, आणि तो पाय महापौरांच्या हातात.

तिसरं कारण सहसा कुणी बोलत नाही, मला ते सर्वांत मोठं वाटतं. या माणसांकडे ज्ञान होतं, दाखला नव्हता. पॅरामेडिक हा शब्दच नवा होता. पॅरामेडिकची राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा सुरू झाली १९७८ मध्ये, म्हणजे फ्रीडम हाउस बंद पडल्यावर तीन वर्षांनी. ज्यांच्या कामावरून अभ्यासक्रम लिहिला गेला त्यांनाच नव्या खात्याने उमेदवार म्हणून बाकावर बसवलं. हातातलं कसब परीक्षेच्या कागदावर उतरवणं ही वेगळी विद्या आहे. शाळा अर्धवट सोडलेल्या, पण अंधाऱ्या जिन्यावर अचूक नळी घालणाऱ्या माणसाला ती येतेच असं नाही. साफार आणि कॅरोलाइन यांनी शिकवण्यात कसूर ठेवली नाही. पण विद्यापीठाचा शिक्का असलेलं प्रमाणपत्र पहिल्याच तुकडीच्या हातात पडेल यासाठी त्यांनी भांडायला हवं होतं, असं मागे वळून पाहताना वाटतं. शहाणपण नंतर सुचतं हे मान्य. तरी डॉक्टरांना, ज्यांचं सगळं आयुष्य पदव्यांवर उभं असतं, हे आधी सुचायला हरकत नव्हती.

काय उरलं

पद्धत उरली. रुग्णाच्या डोक्याशी बसायची जागा, उपचार जागेवर सुरू करून मगच निघण्याची रीत, प्रत्येक फेरीची लिखित नोंद आणि तिची उजळणी, वैद्यकीय संचालकाने स्वतः गाडीवर जाण्याची अपेक्षा, हे सगळं अमेरिकेत आणि अमेरिकेच्या वळणाने चालणाऱ्या इतर देशांत पसरलं. साफार २००३ मध्ये वारले; नोबेलसाठी त्यांचं नाव तीनदा सुचवलं गेलं होतं. कॅरोलाइन २००२ मध्ये गेल्या. इस्राएलमध्ये असाध्य आजाराच्या रुग्णांसाठी त्यांनी सेवा उभी केली होती आणि तिथे लोक त्यांना मदर तेरेसांची उपमा देत.

माणसंही थोडीफार उरली. मिचेल ब्राउन क्लीव्हलंडच्या रुग्णवाहिका खात्याचे प्रमुख झाले, पुढे कोलंबस शहराचे सार्वजनिक सुरक्षा संचालक. काही जण या पेशातून कायमचे बाहेर पडले. त्यांच्या घरच्यांनाही बाप एकेकाळी काय करत होता हे पुष्कळ वर्षांनी, वर्तमानपत्रांनी विषय काढल्यावर कळलं असेल, अशी माझी समजूत आहे.

जॉन मून पिट्सबर्गमध्येच राहिले. अपमान गिळून, पुन्हा परीक्षा देऊन, खालच्या पायरीवरून पुन्हा वर चढत ते शहराच्या रुग्णवाहिका खात्याचे साहाय्यक प्रमुख झाले. त्या खुर्चीवरून त्यांनी काय केलं, तर काळ्या वस्त्यांतल्या तरुणांना या कामात आणण्याचा हट्ट धरला. २००९ मध्ये ते निवृत्त झाले. २०२० मध्ये पिट्सबर्गमधल्या एका मोठ्या रुग्णालय समूहाने वस्त्यांतल्या बेरोजगारांना रुग्णवाहिकेच्या कामाचं प्रशिक्षण देणारा उपक्रम सुरू केला आणि त्याला ‘फ्रीडम हाउस २.०’ असं नाव दिलं. या वेळी शिक्षणाबरोबर दाखलाही मिळतो.

अमीरा गिलख्रिस्ट या शहराच्या रुग्णवाहिका खात्याच्या प्रमुख झाल्या. या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या काळ्या अधिकारी. त्या मून यांना आपले मार्गदर्शक मानतात. १९७५ च्या ऑक्टोबरपासून मोजलं तर या नेमणुकीला सत्तेचाळीस वर्षं लागली.